स्वभावाचा रकाना

ज्याचा कुत्रा चावतो तो माणूस ‘माझा कुत्रा चावतो’ असे कधीही म्हणत नाही. वीस वर्षांत हे वाक्य मी एकदाही ऐकलेले नाही. ‘चावत नाही हो, नुसते दात लावतो,’ असे म्हणतात. ‘तुम्ही नवखे ना, म्हणून,’ असे म्हणतात. महाडच्या एका वकिलांच्या टेरियरने माझे धोतर गुडघ्यापर्यंत फाडले, तेव्हा त्यांनी मला शांतपणे विचारले की तुम्ही येताना त्याच्या डोळ्यांत पाहिलेत का. पाहिले असेल तर चूक माझी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

माझा धंदा जातिवंत कुत्र्यांची पारख करण्याचा. अमुक कुत्रा किंवा कुत्री पैदाशीला ठेवावी की नाही, हे तपासून लेखी सांगायचे. महाबळेश्वरचे बंगलेवाले, शिकारीचा नाद असलेले जहागीरदार, मुंबईचे हौशी शेठ, यांना असा माणूस लागतो. महाड गावाला मात्र हे अजून पटलेले नाही. एवढ्यासाठी माणूस कशाला, कुत्री आपली आपण पाहून घेतात की, असे मला बाजारात तोंडावर विचारले गेले आहे. गावात मला ‘कुत्रेमास्तर’ म्हणतात. माझ्या थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनाही कोपऱ्यावरच्या वाण्याने त्याच नावाने माझे घर दाखवले. ते लग्न जमले नाही. त्याच कारणाने असे मी म्हणत नाही. पण आमच्या घरात अजूनही तसेच म्हणतात.

हे काम मी युद्धात शिकलो. घोड्यांच्या इस्पितळात कंपाउंडर म्हणून बसऱ्याला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरसाहेबाला कुत्र्यांचे वेड होते. पुढे पुण्यात त्यांच्याकडेच तीन वर्षे काढली. ते विलायतेला गेले आणि मी महाडला परत आलो, तो हे एकच शहाणपण घेऊन.

शरीर पाहणे तसे सोपे. वरचे दात खालच्या दातांना बाहेरून निसटते लागून, कात्रीच्या पात्यांसारखे बसले पाहिजेत. कुत्रा आपल्यापासून सरळ दूर चालवत न्यायला सांगायचा आणि सरळ परत आणायला सांगायचा. मागचे पाय एकमेकांत येतात का ते त्यात कळते. डोळे, कान, छाती, केस, नराचे नरपण पुरते उतरले आहे की नाही, हे सगळे हाताने पाहायचे. मग कागद. त्यावर आईबाप, आजे-पणजे लिहिलेले असतात. लोक त्याला कुत्र्याची पत्रिका म्हणतात आणि गंभीर चेहऱ्याने माझ्यापुढे धरतात. मंगळ आहे का, असे विचारणारे एक गृहस्थ मला भेटले आहेत, आणि ते थट्टा करत नव्हते.

खरे काम स्वभावाचे. त्यासाठी मी अचानक छत्री उघडतो. कुत्र्याच्या पाठीमागे रॉकेलचा रिकामा डबा आपटतो. तो खात असताना पुढचे ताट काढून घेतो. धनी नजरेआड झाल्यावर साखळी परक्याच्या हातात देतो. दचकणे हा दोष नव्हे. मुळीच दचकत नाही तो बहुधा बहिरा असतो. दचकल्यावर किती वेळाने तो पुढे होऊन डबा हुंगतो, ते मी पाहतो. जो येतच नाही, कोपऱ्यात राहून दात दाखवतो, तो आज ना उद्या भीतीपोटी चावतो, आणि पुढे त्याची पिल्लेही चावतात.

या सबंध वेळात धनी गप्प राहत नाही, हे या धंद्याचे खरे दुखणे. मी डबा आपटला की कुत्र्याआधी धनी ओरडतो. कुत्रा गुरगुरला की ‘बोलतोय तो तुमच्याशी’ म्हणतो. आणि फसवणूक किती सांगावी. एका धान्याच्या व्यापाऱ्याने मुंबईहून काळाभोर, ‘अस्सल विलायती’ कुत्रा आणला. त्याला खरूज झाली म्हणून कोणाच्या सांगण्यावरून तो महाडजवळच्या सव गावच्या ऊन पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेला. तिसऱ्या बुडीला पाणी काळे झाले आणि कुत्रा तांबूस निघाला. तिथे संधिवाताच्या म्हाताऱ्या अंघोळीला बसल्या होत्या. त्यांनी त्याला काय काय ऐकवले ते इथे लिहिता येणार नाही. व्यापारी तसाच माझ्याकडे आला, ओला कुत्रा माझ्या ओटीवर उभा केला आणि विचारले, “मास्तर, केस वाढले की रंग परत येईल ना?”

असल्या गोष्टी मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. लोक हसतात आणि माझी एक गोष्ट सांगायची राहून जाते. ती आता सांगतो.

पोलादपूरच्या पुढे, जिथून महाबळेश्वरचा घाट चढायला लागतो, तिथे सावित्री नदीच्या काठी एका मुंबईकर शेठांचा बंगला होता. शेठना अल्सेशियन कुत्र्यांचा शौक. युद्धानंतर त्या जातीची टूमच निघाली होती. बंगल्यामागे बारा-पंधरा कुत्री असत. बिबट्याच्या भीतीने त्यांच्या खोपट्यांना वरूनही जाळी मारलेली. शेठ वर्षातून दोनदा येत. एरवी केशवपंत नावाचे कारभारी सगळे पाहत. ते पूर्वी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. अक्षर मोत्यासारखे, माणूस व्यवस्थित, आणि शेठचे पाकीट आले की जेवण सोडून उठणारा. कुत्र्यांचे खाणेपिणे, फिरणे, आजारपण मात्र धोंडू आखाडे बघायचा. हा वरच्या डोंगरातल्या धनगरवाडीचा, तिशीतला, म्हशींत वाढलेला. वंशावळीचे त्याला काही कळत नसे, कुत्र्याचे सगळे कळत असे.

वर्षातून दोनदा मी मोटारीने तिथे जाई आणि वयात आलेली कुत्री तपासून देई. शेठना मराठी वाचता येत नसे. त्यांनी इंग्रजीत कागद छापून घेतले होते. त्यात शेवटी स्वभावाचा रकाना होता आणि त्यात तीन शब्द छापलेले होते : गुड, फेअर आणि पुअर. मी माझ्या कच्च्या कागदावर उत्तम, मध्यम किंवा वाईट लिहून देई. केशवपंत छापील कागदावर तीनातला एक शब्द ठेवत आणि दोन खोडत. मग मी खाली इंग्रजीत सही करी. माझे इंग्रजी साहेबाचे हुकूम समजण्यापुरते. सही तेवढी झोकात होती.

आणि एक नियम होता. शरीरात खोट असलेले कुत्रे कोणाला तरी पाळायला देऊन टाकत. स्वभावात खोट असलेले मात्र गोळी घालून मारत. हा नियम शेठचा, पण शेठच्या डोक्यात तो घातला मी. एका वर्षी त्यांनी दिलेला कुत्रा एका घरात मुलाला चावला, तेव्हा त्यांनी मला विचारले होते की शिकवून स्वभाव बदलतो का. मी म्हणालो, स्वभाव सुधारत नाही, नुसता लपतो. शेठना ते वाक्य फार आवडले. मलाही आवडले होते.

त्या वर्षी थंडीत मी गेलो तेव्हा दीड वर्षाचा एक नर तपासायचा होता. त्याचे कागदावरचे नाव प्रिन्स. धोंडूच्या तोंडी ते परीस झाले होते आणि सगळा बंगला तेच म्हणू लागला होता. मी छत्री उघडली. तो क्षणभर मागे सरला आणि मग पुढे येऊन छत्रीच्या सावलीत बसला. मी डबा आपटला. तो दचकला, डब्याभोवती एक फेरी घातली आणि तो तोंडात धरून मलाच आणून दिला. ताट काढले तर माझ्याकडे बघत उभा राहिला, जणू माझी काही तरी अडचण असावी. तोपर्यंत मी शेकडो कुत्री पाहिली होती. असा एकही पाहिला नव्हता.

पण धोंडूने माझे डोके उठवले होते. सकाळपासून तो पाठीमागे होता. दात बघताना ‘गरीब हाय’, पाय बघताना ‘गरीब हाय’, मी बोटे मोजत होतो तेव्हाही ‘लय गरीब हाय वो’. आपण गाईला गरीब म्हणतो त्या अर्थाने तो म्हणत होता. मी त्याला दोनदा जाळीबाहेर घालवले. दोनदा तो परत आला. शेवटी मी कागद घेऊन ओटीवर बसलो तर समोर येऊन उकिडवा बसला.

“काय लिवताय, मास्तर?”

“उत्तम.”

“उत्तम तर मागल्या टायमाला त्या लालीला पन लिवलंत. ती माज्या हाताला चावली दोनदा. ह्याला निराळं लिवा. ह्याला गरीब लिवा.”

रस्त्यावर महाडची मोटार भोंगा वाजवत उभी होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम. मी वैतागलो होतो. आणि खरे सांगायचे तर शब्द मला पटला होता. इतकी वर्षे उत्तम, मध्यम, वाईट लिहून माझाही हात कंटाळला होता. मी लिहिले, ‘स्वभाव : गरीब.’ धोंडूला वाचता येत नव्हते, तरी तो कागदावर वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिला. केशवपंतांनी पाच मिनिटांत इंग्रजी प्रत केली. मी उभ्याउभ्या सही ठोकली आणि मोटारीकडे पळालो. कागद वाचला नाही. त्याआधीही कधी वाचत नव्हतो.

दोन-अडीच आठवड्यांनी केशवपंतांची चिठ्ठी आली. धोंडू प्रिन्सला घेऊन वाडीवर पळाला आहे, तुमच्याशिवाय कोणाचे ऐकणार नाही, ताबडतोब या. मला धोंडूचा असा संताप आला. मनात म्हटले, मी चांगला शेरा दिला, कुत्र्याचे मोल वाढले, आणि हा चोरी करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे डोंगर चढू लागलो, मी, केशवपंत आणि खालच्या गावचे पोलीस पाटील. अर्ध्या चढावर केशवपंत दम खायला थांबले आणि म्हणाले, कुत्रा परत आणून करायचे काय, गोळीच घालायची आहे, पण हुकूम म्हणजे हुकूम. मी विचारले, कुणाला गोळी? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “अहो, शेरा तुमचाच ना?” आणि त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला.

स्वभावाच्या रकान्यात ‘गुड’ खोडले होते. ‘फेअर’ खोडले होते. खाली माझी झोकदार सही.

केशवपंतांना तरी काय म्हणावे? तीन शब्दांपैकी एक ठेवायचा होता. माझा शब्द नेहमीचा नव्हता. त्यांनी शाळेत तीस वर्षे शिकवलेला अर्थ लावला : पुअर म्हणजे गरीब. इंग्रजीत तोच शब्द वाईटालाही चालतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्या पाच मिनिटांत आठवले नाही, इतकेच. पुढे हुकूम आला तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी कागदच होता, माझा मराठी शब्द ते विसरून गेले होते. मला एका नजरेत सगळे कळले. मी कागद घडी करून परत दिला आणि एका दगडावर टेकलो. पाटलांनी विडी पेटवली होती. त्यांना वाटले, मला चढ झेपत नाही.

वाडीवर पोहोचलो तेव्हा परीस म्हशींच्या गोठ्याबाहेर उन्हात पडला होता. मला पाहून उठला आणि शेपूट हलवत आला. वर चढताना मी एक युक्ती ठरवून ठेवली होती. त्याचा जबडा उघडला, कान चाचपले आणि पाटलांना म्हणालो, हा तो नव्हे. हा गावठी दिसतो, थोडी मिसळण असेल. शेठचा कुत्रा बिबट्याने नेला असावा.

केशवपंतांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काही तरी आले. पाटील तर उतरायला निघालेच होते. तेवढ्यात धोंडू गोठ्यातून बाहेर आला, हाताला शेण तसेच, आणि माझ्यावर चवताळला.

“गावठी? मास्तर, डोळं गेलं का तुमचं? ह्यो परीस हाय. कान बगा, शेपूट बगा. तुमी सोताच्या हातानं तपासलाय.”

मी डोळ्यांनी खुणावले. तो डोळ्यांनी ऐकणारा माणूस नव्हता. मी म्हणालो, धोंडू, नीट विचार करून बोल. तो म्हणाला, विचार काय करायचा, पंत उगाच मारायला निघालेत, तुम्ही चांगले लिहिले आहे, मी तुमच्या समोर बसलो होतो. आणि मग तो जे म्हणाला ते मला आज बारा वर्षे ऐकू येते.

“पंतांच्या खिशात कागद हाय. मास्तर, तुमी वाचून दावा. सगळ्यांम्होरं वाचा.”

पंतांनी कागद दिला. वाडीतली चार माणसे जमली होती, धोंडूची बायको दारात होती. मी तिथे सांगू शकत होतो की कागद चुकला आहे, मी न वाचता सही केली. एवढीच दोन वाक्ये होती. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचले, “स्वभाव, गरीब.”

धोंडू हसला. म्हणाला, “ऐकलंत, पंत?”

पंतांनी ऐकले होते. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. जो शब्द ते इंग्रजी करून विसरून गेले होते तो मूळ मराठीत त्यांच्या कानावर पडला होता, आणि आता त्यांनाही सगळे कळले होते. बाकी कोणाला काही कळले नाही. धोंडूच्या मनातला संशय फिटला. मास्तर आले, कागद चांगला निघाला, आता लपायचे कशाला? त्याने हात धुतले, परीसला दोरी लावली आणि स्वतः पुढे होऊन आमच्याबरोबर बंगल्यावर उतरला. उतरताना तो पाटलांना कुत्र्याच्या गोष्टी सांगत होता.

खाली आल्यावर पंत आणि मी खोलीत बसलो. मी म्हणालो, शेठना आजच लिहू की शब्द चुकला. पंतांनी उठून दार लोटून घेतले. मग म्हणाले, “लिहू. पण ते पहिला प्रश्न विचारतील, न वाचता सह्या किती कागदांवर केल्यात? पाच वर्षांचे कागद आहेत, मास्तर. त्यावरून कुत्री विकली गेली आहेत. माझी नोकरी जाईल, त्याचं सोडा. तुमच्याकडे उद्या महाबळेश्वरहून कोण येईल?”

हे त्यांनी माझ्या डोक्यात घातले असे मी म्हणणार नाही. ते बोलले नसते तरी मी स्वतःशी तेच बोललो असतो. आम्ही दोघांनी मिळून पत्राचा मजकूर ठरवला. त्यात चुकीचा उल्लेख नव्हता. त्यात होते की ‘फेरतपासणीत कुत्र्याच्या स्वभावात चांगली सुधारणा आढळली, सबब हुकमाचा फेरविचार व्हावा.’ केशवपंतांनी ते सुंदर इंग्रजीत उतरवले. या खेपेस मी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून मगच सही केली. आणि महाडला आलो. मोटारीत मला बरे वाटत होते, हे मी लपवत नाही.

शेठचे उत्तर आठवड्याने आले. माझे वाक्य त्यांनी मलाच पाठवले होते : स्वभाव सुधारत नाही, नुसता लपतो, हे आपणच आम्हाला शिकवले, मग आता असे कसे लिहिता? हुकूम कायम. तसा हुकूम बंगल्यावर पोहोचला त्याच दिवशी तो अमलातही आला.

चुकीने परीस मेला नाही. चूक एका ओळीने दुरुस्त झाली असती. त्या पत्राने तो मेला, आणि ते पत्र मी पुरते शुद्धीवर असताना, वाचून, समजून सही केलेले होते.

परीस कसा मेला ते मला धोंडूनेच येऊन सांगितले. तो पोलादपुराहून महाडला पायी आला. माझ्या ओटीवर बसला. बंगल्याच्या रखवालदाराकडे बंदूक होती आणि दोरी धोंडूने धरली होती. परक्याने धरली असती तर कुत्रा घाबरला असता, म्हणून आपणच धरली, असे तो म्हणाला. बंदूक पाहून कुत्रा हलला नाही, हेही त्याने सांगितले. मग म्हणाला, तुम्ही चांगले लिहिले होते, शेठचेच काळीज दगडाचे. पण मुळात चूक माझी. मी खाली आणला नसता तर कोण वर येणार होता दुसऱ्यांदा?

मी त्याला चहा दिला. तो निघाला तेव्हा दारापर्यंत गेलो.

त्या बंगल्यावर मी पुन्हा गेलो नाही. शेठनीही दोन वर्षांत कुत्री काढून टाकली. धंदा मी सोडला नाही. आता मी प्रत्येक कागद तीनदा वाचतो, गिऱ्हाइके चिडतात, मोटारी चुकतात. स्वभावाबद्दल एक शब्द कधी लिहीत नाही, पानभर लिहितो. लोक म्हणतात, मास्तर आता म्हातारे झाले, फाटे फोडतात. तीन वेळा मी धोंडूकडे जायला निघालो आणि तीनदा पोलादपूरच्या बाजारातून परतलो. गेल्या पावसाळ्यात केशवपंत वारले. आता बोलल्याने त्यांचे काही बिघडणार नाही, असे मी स्वतःला सांगितले. ही सबब आहे हे मला कळत होते. तरी यंदा दसऱ्यानंतर चौथ्यांदा निघालो आणि डोंगर चढलो.

धोंडू अंगणात म्हशीचे दावे वळत बसला होता. केस पांढरे झालेले. त्याच्या बायकोने ताक दिले. ते तसेच हातात धरून मी उभ्यानेच सगळे सांगितले. शब्द, सही, डोंगरावर वाचलेला कागद आणि ते पत्र. पत्राचे दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा सांगताना मी केशवपंतांचे नाव आधी घेतले होते.

त्याचे हात थांबले. दावे मांडीवर ठेवून तो म्हणाला, “म्हंजे मी खाली आणला म्हनून नाय.”

“नाही.”

“बारा वर्सं मी म्हनतोय, माज्यामुळं गेला.”

“मला म्हनतोय,” आतून बायको म्हणाली. “दर वर्साला म्हनतोय. मी म्हनते, गप रे, कुत्रं व्हतं.”

तो उठला आणि म्हशींना पाणी दाखवायला निघून गेला. मी ओट्यावर बसलो. मला वाटले, परत येऊन तो मला जायला सांगेल, आणि ते बरे होईल. त्याची बायको एकदा बाहेर येऊन ताकाचे भांडे घेऊन गेली. ऊन गोठ्याच्या छपरावर गेले तेव्हा तो आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “कागद हाय का?”

माझ्याकडे खिशातली वही होती.

“लिवा. आता नीट लिवा. एका शब्दात नको.”

मी लिहू लागलो. बांधा, दात, चाल. छत्रीच्या सावलीत बसला ते लिहिले, डबा आणून दिला ते लिहिले, ताट काढल्यावर कसा बघत होता ते लिहिले. मग ते त्याला वाचून दाखवले. दाव्याचे टोक बोटात धरून तो ऐकत होता. इतक्या वर्षांत कोणत्याही धन्याने माझा शेरा असा गप्प राहून ऐकला नव्हता.

“येक ऱ्हायलं,” तो म्हणाला. “तो हितं लपवला व्हता तवा आमची म्हस व्याली. वार पडंपर्यंत तो लांब बसला. येवडं मोटं कुत्रं, वासानं लाळ गळत व्हती, पन जागचा हलला नाय. वार मी पुरली, मग उटला. आमच्याकडलं येक बी कुत्रं वार खायाची सोडून असं नाय बसायचं. ते तुमच्या डब्या-छत्रीत नाय गावायचं, मास्तर. ते लिवा.”

मी लिहिले : ‘म्हैस व्याली त्या दिवशी वार पडून ती पुरून होईपर्यंत तो लांब बसून राहिला, जागचा हलला नाही.’

त्याने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, “तो म्हंजे कोन? नाव घाला.”

मी ‘तो’ खोडला आणि त्या जागी ‘परीस’ लिहिले.